प्याला संपवणारे

सह्या तीन हव्या होत्या. दोन झाल्या होत्या. पाळकसाहेबांनी शुक्रवारीच केली होती, महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी काल. तिसरी चर्चच्या मंडळीच्या सेक्रेटरीची, आणि सेक्रेटरी म्हणजे टाचणीचे सख्खे थोरले काका. बावीस वर्षं सेक्रेटरी. शर्टाच्या खिशात पेन नाही असे काका कुणी पाहिले नव्हते. आज रविवारी भर दुपारी ते पेन खिशातून बाहेर यायला तयार नव्हतं.

सोमवारी अकराला प्रबंध कॉलेजात पोचायचा होता. सोबत संमतिपत्र: ज्या माणसांवर लिहिलं, त्यांनी ते वाचलं आणि त्यांची हरकत नाही. संमतिपत्र नाही तर प्रबंध नाही. प्रबंध नाही तर टाचणीचं तिसरं वर्ष गेलं आणि मानवशास्त्राची पदवीही गेली.

घरचे सगळे वाद होतात तसा हाही वर्कशॉपमध्येच चालला होता. घरात चार खुर्च्या, वर्कशॉपमध्ये मात्र हव्या तेवढ्या फळ्या. मधे लाकडी घोड्यांवर उद्याची पेटी होती, झाकण अजून न बसवलेली. शवपेट्या करणं हा घराचा धंदा. टाचणीचे बाबा पेटी करत, आत्या आतलं अस्तर शिवत असे. काकांनी तरुणपणीच भुशाशी संबंध तोडून पाणीपुरवठा खात्यात टेबल धरलं होतं. गावात बाबांना मापवाला म्हणत. ते रस्त्यात कुणाकडे जरा जास्त वेळ बघत राहिले तर लोक म्हणत, "अहो, आम्हाला अजून वेळ आहे!" आणि बाबा हसत. त्यांच्या पेटीत खिळा नसे, सगळे स्क्रू. ठोकल्याचा आवाज घरच्यांना ऐकवत नाही, असं त्यांना त्यांच्या बापाने शिकवलं होतं.

"माकडं आणि कवट्या," आत्या म्हणाली. "मला वाटलं होतं मानवशास्त्र म्हणजे माकडं आणि कवट्या. तेच बरं होतं. तू तर आमच्याच कवट्या उघडायला बसलीस."

"आत्या, तू वाचलंयस का?"

"न वाचता कळतं मला. बावन्न रविवार पोरगी वर गॅलरीत गायनमंडळात बसून वहीत खरडते. मी आपली सगळ्यांना सांगते, आमची टाचणी प्रवचन उतरवून घेते. आणि ही काय उतरवत होती? कोण कुठे बसलं, प्रभुभोजनाचा प्याला कुणाकडून कुणाकडे गेला!"

"आणि कुणी तोंड कसं पुसलं, तेही," टाचणी म्हणाली. ती अंगाने टाचणीसारखी होती आणि जीभही तशीच, म्हणून तर नाव पडलं.

 मग काकांनी ऑफिसातला आवाज काढला. "देवाच्या घरात माणसं प्रार्थनेला येतात. त्यांच्यावर पाळत ठेवणं याला तुमच्या कॉलेजात काय म्हणतात?"

"क्षेत्रकार्य म्हणतात, काका. माणसांत राहायचं, त्यांचं काम करायचं, त्यांचं बोलणं ऐकायचं, आणि बराच काळ तोंड मिटून ठेवायचं. आपल्या प्रभूने तीस वर्षं केलं ते. सुताराच्या वर्कशॉपमध्ये. बोलला त्यानंतर."

बाबा रंध्याचं पातं पुसत होते. त्यांचा हात थांबला. 

"हे त्या तुझ्या सरांनी शिकवलं?" काका म्हणाले.

"सरांनी? सर म्हणाले, आपल्याच मंडळीवर लिहू नकोस. लिहायचंच असेल तर देवाला चपलेसारखा दाराबाहेर ठेवून ये. मी म्हटलं, सर, चपला बाहेर ठेवते, पाय कुठे ठेवू? त्यावर सगळा वर्ग हसला आणि सर चिडले. महिनाभर माझ्याशी सरळ बोलले नाहीत. मग एक दिवस म्हणाले, लिही. पण तुझ्या माणसांना वाचायला दे आणि सही आण. आम्ही लांबच्या लोकांवर लिहितो, त्यांना आमचं वाचता येत नाही, म्हणून आम्ही सुटतो. तुला सुटका नाही."

"आणि इकडे आमचीही सुटका नाही," आत्या म्हणाली.

तिकडे कॉलेजात विश्वास म्हणजे डोळ्यावरची पट्टी, आणि इकडे मंडळीत डोळे उघडे ठेवले की विश्वास गेला. पोर तीन वर्षं या दोन दारांत चेंगरत होती. आता दोन्ही दारं लाथेने उघडायची वेळ आली होती, आणि ती तेच करत होती.

"काका, प्रबंधात खोटं काय आहे तेवढं सांगा. मी खोडते."

"खोटं नसेल. पण लिहायचं नसतं." काकांचा आवाज चढला. "तुझ्या आजोबांना मान मिळाला होता. या घराला मान आहे. सगळी मंडळी एकाच प्याल्यातून द्राक्षारस पिऊन झाली की उरलेलं फेकायचं नसतं. ते संपवायला पवित्र हात लागतो. तेव्हाच्या पाळकांनी सगळ्यांतून तुझे आजोबा निवडले, आणि त्यांच्यामागे शेवटच्या बाकावर बसून आपण तो संपवतो. प्याला संपवणारे! त्यांच्या थडग्याच्या दगडावर मी कोरून घेतलंय. आणि तू लिहितेस की—"

"मी लिहिते की तो मान नव्हता."

कुणीतरी पेटीला हात टेकला. लाकूड करकरलं.

"मागच्या थंडीत बाबांना फ्लू झाला," टाचणी म्हणाली, "आणि तुम्ही दोघं त्यांच्यापायी घरी राहिलात. चार रविवार. शेवटचा बाक रिकामा. मी वरून बघत होते, आता हा मान कुणाकडे जातो. चारही वेळा कुणी हात पुढे केला नाही. पाळकसाहेबांनीच संपवला, तोंड वाकडं करून. काका, या मंडळीत वेदीवर फुलं कुणी ठेवायची यावरून दोन घरं अकरा वर्षं बोलत नाहीत. खरा मान असता तर त्या बाकावर मारामाऱ्या झाल्या असत्या."

आत्याला हसू आलं. तिने ते खोकून दाबलं.

"मग मी गायनमंडळातल्या नव्वदीच्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, मान कसला घेऊन बसलीस? तुझ्या आजोबाचे हात मढ्यांना लागतात म्हणून त्याच्यानंतर प्यायला माझ्या आईने नकार दिला. तिचं बघून बाकीच्यांनी. पाळक भित्रा. त्याने तुझ्या आजोबाला मागच्या बाकावर शेवटी बसवलं आणि मान म्हणून सांगितलं. एवढं सांगून बाई हलक्या झाल्या आणि मला म्हणाल्या, आता चहा टाक."

काका उठले. मागच्या दाराने लाकडाच्या कोठारात गेले. पेन खिशातच.

*

आत्याने प्रबंध उचलला तो खरं तर चुलीत घालायला. कोपऱ्यात लाकूड चिकटवायचा सरस गरम करायची चूल होती, भुसा घातला की भडकायची. दोन पावलं चुलीकडे गेल्यावर तिची नजर पानावर पडली आणि ती तिथेच उभी राहिली.

'संडे स्कूलची शिक्षिका, वय अठ्ठावन्न. गोष्ट सांगताना मुलं तिच्या मांडीवर चढतात. खाऊची वेळ झाली की ती बिस्किटं ताटलीत मांडते आणि दोन पावलं मागे सरते. मुलं स्वतः उचलतात. हातात देत नाही. विचारलं तर शिस्त म्हणते.'

आत्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तीस वर्षांपूर्वीची पिवळ्या फ्रॉकातली मुलगी. बिस्किट पुढे केलं तर हात मागे घेऊन म्हणाली, आई म्हणते तुम्ही मेलेल्यांचे कपडे शिवता. चार वर्षांची होती ती. तिची काय चूक? पुढच्या रविवारी आत्याने घरून ताटली नेली. कुणाला सांगितलं नाही. भावांना नाही, नवऱ्याला नाही, तो वारला तेव्हा त्याच्या पेटीचं अस्तर शिवतानाही मनातल्या मनात नाही. शिस्त म्हणाली आणि शिस्तच मानली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी त्या वर्गात होते ना."

"मग तू... तू पण ताटलीतून?"

"तुझ्या हातातून घ्यायचे. नेहमी दोन. तू ओरडायचीस, हावरट म्हणायचीस."

आत्या पेटीच्या कडेवर बसली. नाक पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा अस्तराचं उरलेलं सॅटिन घेतलं. "मेल्या पोरी," ती म्हणाली, "अठ्ठावन्न कशाला लिहिलंस? सत्तावन्न पूर्ण आहेत मला."

"खोडते."

"खोड. बाकीचं राहू दे." मग तिने दाराकडे बघून आवाज दिला, "दादा! ए दादा! सही करायची आहे!"

 बाबांनी पातं खाली ठेवलं, हात विजारीला पुसले आणि कोठारात गेले.

*

कोठारात थोरला फळ्यांच्या थप्पीकडे तोंड करून उभा होता. चाळीस वर्षं लाकडाला हात लावला नव्हता, पण बोटं आपोआप गाठी चाचपत होती.

"ही फळी परत कर," तो म्हणाला. "गाठ सुटणार हिची."

"बघितलंय मी."

"धाकट्या, तुला त्रास झाला असेल ऐकून. मला वाटलं होतं मी आहे तोवर हे तुझ्या कानावर येऊ द्यायचं नाही." त्याने नाक ओढलं. "मी नऊ वर्षांचा होतो. पाळक घरी आले होते. मी दारामागे उभा. ते आपल्या बाबांना म्हणाले, तुम्ही शेवटी घ्या, लोकांना बरं वाटेल, आपण याला मान म्हणू. आणि आपले बाबा हो म्हणाले. नुसतं हो. मग रात्री जेवताना आपल्याला काय सांगितलं आठवतं?"

"आज आपल्या घराला मोठा मान मिळाला."

"हां. मी ठरवलं, मला कळलं ते कळलं, धाकट्याला कळता कामा नये."

बाबांनी ती फळी थप्पीतून ओढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "दादा, तू दारामागे होतास ना?"

"हो."

"मी तुझ्या मागे होतो."

थोरला वळला.

"सहा वर्षांचा होतो मी," बाबा म्हणाले. "तुझ्या विजारीचा पट्टा धरून उभा होतो. तू रडत होतास म्हणून तुला कळलं नसेल. मला सगळं ऐकू आलं."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"मला वाटलं तू विसरलास. मग तू दगडावर कोरून घेतलंस. मी म्हटलं, दादाने मान खरा मानलाय, त्याला बरं वाटतंय, कशाला मोडा."

"अरे गाढवा!" थोरला ओरडला. "तुझ्यासाठी कोरलं मी ते!"

बाहेर आत्या आणि टाचणी दचकल्या. मग आतून दोन म्हातारे पुरुष हसताना ऐकू आले. मधेच ते हसणं दुसऱ्या कशात तरी गेलं आणि परत हसण्यावर आलं.

एका घरातले तीन पुरुष आयुष्यभर एकमेकांपासून एकच अपमान लपवत होते. बापाने पोरांसाठी झाकला, पोरांनी एकमेकांसाठी झाकला. आणि ज्यांनी तो केला ते पुढच्या बाकावर आरामात पाय पसरून बसले होते. त्यांना झाकायची गरजच पडली नाही, ते काम या घराने फुकटात करून दिलं.

थोरला बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत भुसा होता. तो टाचणीसमोर फळीवर बसला.

"वही काढ. नऊ वर्षांचा असताना मी जे ऐकलं ते सांगतो. लिही. आणि माझं नाव घाल."

"नावं घालत नाही आम्ही, काका. 'एक ज्येष्ठ माहितीदाता' लिहिते."

"ज्येष्ठ तर ज्येष्ठ. दुसरा माहितीदाता हा. हा माझ्या मागे होता."

सांगून झालं. टाचणीने वाचून दाखवलं, काकांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. मग तिने संमतिपत्र पुढे केलं. काकांनी पेन काढलं, टोपण उघडलं, आणि थांबले.

"ही सही माझी नाही. मंडळीच्या सेक्रेटरीची आहे. मंडळीला माहीत हवं, मी कशावर सही करतोय." त्यांनी टोपण लावलं. "साडेपाचला उपासना आहे. चला."

टाचणीने संमतिपत्र परत वहीत ठेवलं. मंडळी बिथरली तर हातातोंडाशी आलेली सही जाणार. पण माहितीदात्याला घाई करायची नसते, हे तिला तीन वर्षांत एवढं पक्कं शिकवलं होतं की ती चप्पल घालून निघाली.

*

सूचना वाचायला सेक्रेटरी दर रविवारी पुढे जात. आज ते शेवटच्या बाकावरच उभे राहिले. पुढचे लोक माना वळवून बघायला लागले. कुणाचे तरी गुडघे कटकन वाजले.

"सूचना एकच आहे," काका म्हणाले. ऑफिसातला आवाज नव्हता तो. "माझ्या वडिलांच्या हाताला मेलेल्यांचा वास येतो म्हणून तुमच्या आईबापांनी त्यांच्यानंतर प्यायला नकार दिला होता. त्याला आपण मान म्हणत आलो. मीही म्हणत आलो, दगडावर कोरून घेतलं. ते खोटं होतं. तुमच्यातल्या बहुतेकांची माणसं आमच्या पेटीत झोपलेली आहेत. त्यांना आमचे हात चालले. आज प्याला इथून सुरू होईल. आम्ही पुढे येणार नाही. प्याला इकडे येईल."

आणि खाली बसले.

 वेदीपाशी पाळकसाहेब उभे होते, पस्तिशीचा माणूस, या मंडळीत येऊन दोन वर्षं झालेली. त्यांनी प्रबंध वाचून सही केली होती, आणि त्यानंतरही दोन दिवस काही केलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर कुणालाही वाचता आलं असतं. त्यांनी प्याला उचलला. मधल्या वाटेने चालत मागे आले. बाबांच्या समोर उभे राहिले.

मापवाला उठला. त्याने दोन्ही हातांनी प्याला धरला, ते पॉलिशने तांबूस झालेले हात, आणि प्यायला. मंडळीच्या डोळ्यांदेखत, सगळ्यांच्या आधी. मग काका. मग आत्या. टाचणी आज गॅलरीत गेलीच नव्हती, चौथी ती.

आता त्यांच्या लगेच पुढचा बाक. खरी परीक्षा तिथे होती. त्या बाकावर बेकरीवाला बसायचा, दरवाजातून आडवा यावा लागेल इतका रुंद माणूस. तो प्याल्याकडे बघत राहिला. मग मापवाल्याकडे बघितलं.

"माझ्या बायकोची पेटी तूच केलीस ना?"

"हो."

"रात्रभर बसून. मी कॉफी आणली तर म्हणालास, आधी हिचं होऊ दे." त्याने हात लांब केला. "आण इकडे."

आणि प्याला निघाला. बाकामागून बाक. शाळामास्तर, दोघी जुळ्या नर्स, फुलांवरून अकरा वर्षं न बोलणारी दोन्ही घरं. गायनमंडळाने वरून खाली येऊन वाटेतच घेतला. नव्वदीच्या बाईंना दोघांनी धरून उभं केलं, त्या प्यायल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझी आई मूर्ख होती." मंडळी हसली. उपासनेत, प्रभुभोजन चालू असताना, उघड हसली.

पाच माणसं उठून गेली. टाचणीने तीही लिहिली, बाकाच्या क्रमांकासह. त्यात पिठाच्या गिरणीची मालकीणबाई होती, पहिला बाक, उजवं टोक. पाठ ताठ करून गेली.

पहिल्या बाकावर आता शेवटी तिचा नवरा, गिरणीवाला, उरला, एकटा. प्याल्यात बरंच होतं. त्याने पाळकसाहेबांकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "संपवा." त्याने डोळे मिटले आणि संपवला.

उपासना झाल्यावर काकांनी पायरीवर बसून, मांडीवर कागद ठेवून सही केली. मोठी, वळणदार. टाचणीने कागद परत घ्यायला हात पुढे केला तर बेकरीवाला मधे आला.

"मीही प्यायलो. माझीही सही घे."

"तीनच लागतात हो."

"तीन तुझ्या कॉलेजला लागतात. मला माझी करायची आहे."

"आधी वाचावं लागेल. न वाचता घेत नाही."

"मग वाच की!"

आत्याने तिच्या हातातून प्रबंध काढून घेतला आणि वरच्या पायरीवर उभी राहिली. तीस वर्षं पोरांना गोष्टी सांगून कमावलेला आवाज होता तिचा, शेवटच्या पोरापर्यंत पोचणारा. पहिलंच वाक्य तिने दोनदा वाचलं: 'मी या मंडळीची आहे, तिच्या प्रभूवर माझा विश्वास आहे, म्हणून तिच्याबद्दल खोटं लिहिणं मला जमणार नाही.' मग पुढे. लोक अंगणात उभे राहून ऐकत होते. बिस्किटांच्या परिच्छेदाशी ती आली. टाचणीला वाटलं, गाळेल. आत्याने तो सगळ्यात सावकाश वाचला. कुणीतरी बाई गर्दीत हुंदका देऊन रडली. वयाने पस्तिशीची असेल.

वाचून संपल्यावर रांग लागली. मागच्या कोऱ्या पानावर सह्या, मग त्याच्या मागे. टाचणी मोजत होती, चौपन्न, पंचावन्न, आणि मग तिचे आकडे चुकायला लागले.

तेव्हा फाटकापाशी हालचाल झाली. गिरणीची मालकीणबाई गेलीच नव्हती. फाटकाबाहेर उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं. आता ती आत आली आणि गर्दीने वाट दिली. चेहरा अजून तसाच कडक. तिने काकांच्या हातातलं पेन घेतलं, सही केली, आणि खाली, सगळ्यांना दिसेल अशा अक्षरात लिहिलं: 'वाचलेलं ऐकलं. सगळं खरं आहे. मी प्यायले नाही.'

पेन परत देऊन ती कुणाकडे न बघता निघून गेली.

काकांनी कागद उजेडाकडे धरला. बावीस वर्षांच्या सेक्रेटरीपणात त्यांना असला शेरा कधी दिसला नव्हता. "काय गं," त्यांनी टाचणीला विचारलं, "असली सही चालते का तुझ्या त्या सरांना?"

"काका," टाचणी म्हणाली, आणि दुपारपासून पहिल्यांदा तिचा आवाज फाटला, "असलीच लागते."